मिश्राजींची बदली

मी अमेरिकेला निघालो तेव्हा भोपाळ स्टेशनवर बाबा भेटेल त्याला सांगत होते, "तीन वर्षांच्या डेप्युटेशनवर चाललाय." खरं तर मला एका खाजगी कंपनीत नोकरी लागली होती आणि तिचा डेप्युटेशनशी काडीचाही संबंध नव्हता. पण बाबांची सगळी हयात सरकारी कारखान्यात गेलेली. माणूस घर सोडून जातो तो त्यांच्या लेखी चारच कारणांनी: बदली, डेप्युटेशन, रिटायरमेंट आणि शेवटचं. त्यातल्या त्यात परत येण्याजोगं कारण त्यांनी माझ्यासाठी निवडलं. शेजारचे तिवारी काका डब्याच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "बबलू, डेप्युटेशन अलाउन्स तो मिलेगा न?" मी हो म्हणालो. आई खिडकीच्या गजांतून हात घालून माझी कॉलर सारखी करत होती. गाडी हलली तरी तिचा हात आतच, आणि बाबा ओरडताहेत, "अगं हात काढ, हात काढ आधी!" माझ्या निरोपाचे शेवटचे शब्द हेच. त्यात कुणाला माया ऐकू आली तर येवो, मला तेव्हा फक्त कारखान्याचं सेफ्टी डिपार्टमेंट ऐकू आलं.

मी फार बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुझ्याशी भांडायचं तर दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात. तरी आज लिहायला बसलोय ते भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आपल्या पोरांसाठी. आता सगळे पन्नाशीला टेकलोय आणि कोण कुठल्या देशात आहे याचा पत्ता नाही. जे तिथंच राहिले त्यांच्यासाठीही लिहितोय, कारण त्यांना आमच्याबद्दल काय सांगितलं जातं ते मला चांगलं माहीत आहे. सांगणाऱ्यांपैकी मी एक आहे.

टाउनशिपच्या पिपलानी भागातल्या क्वार्टरमध्ये वाढलो आपण. पुढं बगीचा, मागं पेरूचं झाड, आणि भिंतीला खिळा ठोकायचा म्हटलं की बाबा म्हणणार, "कारखान्याची भिंत आहे ती." घराला आपण घर कधी म्हटलंच नाही, क्वार्टरच म्हणत आलो. बाबा अमरावतीहून भोपाळला आले ते रेल्वे इंजिनांच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायला, आणि ती गुंडाळता गुंडाळता रिटायर झाले. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. मग त्यांनी आनंद नगरला स्वतःचं घर बांधलं, हौसेनं भिंतीभिंतीला खिळे ठोकले, आणि नंतर त्यांच्या लक्षात आलं की टांगायला काही नाही. त्या घरात मी पाहुणा म्हणूनच राहिलोय. म्हणजे ज्याला मी घर म्हणतो तिथं आज दुसऱ्याच कुणाचा तरी बबलू राहतो, आणि आईबाबा राहतात तिथं बाथरूमच्या दिव्याचं बटण कुठलं हे मला दर खेपेला विचारावं लागतं.

दर रविवारी फोन. जेवलास का, थंडी किती आहे, आणि मग बाबांचा ठरलेला प्रश्न: "मग, परत कधी?" तीन वर्षं संपली तेव्हा मी म्हणालो, एक्सटेन्शन मिळालंय. शब्द त्यांचाच होता, म्हणून पटला. मग आणखी एक एक्सटेन्शन. मग लग्न झालं, मुलगी झाली, इथंच घर घेतलं, आणि प्रत्येक वेळी मी एक्सटेन्शनच म्हणत गेलो. तिवारी काकांनी एकदा बाबांना विचारलं म्हणे, "भाईसाहब, ये डेप्युटेशन है कि उमरकैद?"

अशाच एका रविवारी तो प्रश्न यायच्या आत मी घाईघाईनं दुसरा विषय काढला. आदल्या दिवशी ऑफिसनं आम्हाला बेसबॉलच्या मॅचला नेलं होतं. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, मी शेंगा सोलत बसलो होतो. पण बाबांना सांगितलं, इथं आमच्या शहराची टीम आहे.

"क्रिकेटसारखंच का?" बाबा म्हणाले.

"साधारण."

"मग सांग नीट."

मी सांगितलं. न समजलेलं नीट सांगायला वेळ लागतो, त्यामुळे अर्धा तास गेला, आईनं फोन घेतला, आणि "परत कधी" राहून गेलं. मला तेवढंच हवं होतं. पुढच्या रविवारी बाबांनीच विचारलं, "टीमचं काय झालं?" झालं! आता उत्तर द्यायला मला मॅच बघणं भाग होतं. लोक आवडीनं खेळ बघायला लागतात, मी वडिलांना चुकवण्यासाठी लागलो.

पुढं त्यांना एक टॅबलेट पाठवला आणि मॅच दिसायची सोय करून दिली. इथं संध्याकाळी सातला मॅच सुरू होते तेव्हा भोपाळला पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. जन्मभर फर्स्ट शिफ्ट केलेला माणूस रिटायर झाला तरी त्या वेळेला जागा होतोच. उठून करायचं काय, एवढाच प्रश्न होता. तो अमेरिकेनं सोडवला. सकाळच्या फिरण्याला निघालेले तिवारी काका आणि नायर अंकल आमच्या ओट्यावर पाच मिनिटं टेकायचे, ते हळूहळू फिरायचे बंद झाले आणि नुसते टेकायला लागले. नायर अंकल कारखान्याच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये होते. सर्व्हिस रूल त्यांना असे पाठ की आई म्हणायची, हे देवाला नमस्कारही थ्रू प्रॉपर चॅनल करत असतील.

या तिघांनी बेसबॉल आपल्या हिशेबानं लावून घेतला. बॉल हुकला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक म्हणजे तीन मेमो, तिसऱ्याला घरी. चार बॉल वाईट पडले की बॅटिंग करणारा बॅट न फिरवता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, चालत जातो, ते टाइमबाउंड प्रमोशन. छोट्या टीममध्ये घासत बसलेली पोरं म्हणजे अप्रेंटिस. जखमी खेळाडूला किमान दहा दिवस बाहेर बसवतात हे ऐकून नायर अंकलना फार समाधान वाटलं. "मेडिकल लीव्ह," ते म्हणाले, "विदाउट सर्टिफिकेट नॉट अलाउड, आय होप."

पण त्यांचा जीव अडकला तो ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत. इथं टीम आपला खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन त्याच्या बदल्यात त्यांचे एक-दोन घेते. खेळाडू झोपेतून उठतो आणि त्याला कळतं की आपण दुसऱ्या शहराचे झालो. मी हे गंमत म्हणून सांगितलं तर ओट्यावर शोककळा.

"जॉइनिंग टाइम किती देतात?" बाबांनी विचारलं.

"दोन-तीन दिवस असेल."

"आणि क्वार्टर? मुलांच्या शाळा? मिड-सेशन बदली करतात?"

एकदा तर आमच्या टीमनं एक पिचर, म्हणजे इथला बॉलर, दिला आणि बदल्यात मिळाला "नाव नंतर कळवण्यात येईल असा खेळाडू". इथं अशी पद्धतच आहे. तिवारी काकांना हे आठवडाभर पचलं नाही. "मतलब बारात निकल गई, और दूल्हे का नाम बाद में बताएँगे?"

बाबा तर वंशावळीत शिरले. आजचा डावखुरा पिचर कुणाच्या बदल्यात आला, तो कुणाच्या बदल्यात आला होता, त्याच्याही आधी कोण होतं, असं मागं मागं जात ते एका जुन्या पिचरपाशी पोचले. तो आमचा जन्म व्हायच्या आधी खेळून गेला होता. टीमनं त्याला ऐन भरात देऊन टाकलं आणि बदल्यात दोन निकामी माणसं घेतली, याचा बाबांना ताजा संताप यायचा. ऑफिसात मी त्यांची मतं माझी म्हणून ठोकून द्यायचो. माझा बॉस चारचौघांत म्हणतो, या माणसाला पिचिंग कळतं. मला काही कळत नाही, कळतं ते आनंद नगरला.

खेळाडूंची परकी नावं तिघांच्या जिभेला झेपत नव्हती, म्हणून त्यांनी त्यांना कारखान्यातली नावं दिली. तिसऱ्या बेसवरचा आमचा सगळ्यात जुना खेळाडू झाला मिश्राजी. कारण वाइंडिंग शॉपचे मिश्राजी असेच पोट सुटलेले होते, आणि कामाला हात लावायच्या आधी एकदा टोपी कपाळावर ओढून बाजूला थुंकायचे. हा मिश्राजी बारा वर्षं आमच्या टीममध्ये होता. कधी टाळ्या पडाव्यात असं काही केलं नाही, पण कधी दांडीही मारली नाही. बाबांचं त्याच्यावर माझ्याहून जास्त प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, पण चौकशी जास्त होती.

आता मुद्द्यावर येतो. मी मुद्द्यावर उशिराच येतो, तुम्हाला माहीत आहे.

मागच्या वर्षी मी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. एका हॉलमध्ये शे-दीडशे लोकांबरोबर हात वर करून शपथ घेतली आणि बाहेर येऊन गाडीत बसलो. बायको म्हणाली, "बाबांना सांगितलंस?" म्हटलं, रविवारी सांगतो. त्या रविवारी टीम हरली होती, म्हटलं, आज नको. पुढच्या रविवारी जिंकली, म्हटलं, खुशीत आहेत, कशाला विरजण घाला. आता बेसबॉलची टीम एक तर हरते नाही तर जिंकते, तिसरं काही तिला करता येत नाही, त्यामुळे योग्य रविवार काही आलाच नाही. वर नशीब असं की दोन्ही देशांचे पासपोर्ट निळेच. भोपाळला गेलो तेव्हा माझा पासपोर्ट टेबलावर पडलेला बघून आईनं तो उचलून देवघराच्या फडताळात ठेवला. तिला रंगावरून काही कळलं नाही. तो तिथं गणपतीच्या मागं आठवडाभर होता आणि मी रोज सकाळी नमस्काराला उभा राहिलो की नेमका कुणाला हात जोडतोय हे मलाच कळेना.

त्या आठवड्यातच मिश्राजी गेला. जुलैच्या शेवटी अदलाबदलीची मुदत संपते. तिच्या ऐन तोंडावर आमच्या टीमनं मिश्राजीला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका टीमला दिलं आणि दोन पोरं घेतली. पहाटे बाबांनी मला हलवून उठवलं. "बबलू, मिश्राजींची बदली झाली." मला वाटलं खरे मिश्राजी. म्हटलं, "बाबा, ते तर केव्हाच रिटायर झाले."

टाउनशिपचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. माणूस बदलून गेला की त्याला विदाई. हार, शाल, समोसा, आणि चार लोकांचं भाषण, ज्यात हयातभर ज्याच्याशी पटलं नाही तोसुद्धा सांगतो की ह्यांच्यासारखा माणूस होणे नाही. मिश्राजीला तिथं कुणी एक समोसाही दिला नसणार, हे बाबांना सहन होईना. "बारा वर्षं सर्व्हिस," ते म्हणाले, "आणि मेसेज पाठवून काढलं." संध्याकाळी आमच्या ओट्यावर विदाई ठरली.

बाबा टॅबलेटवर मिश्राजीचा फोटो लावून त्याला हार घालायला निघाले तर आई आतून धावत आली. "अहो, जिवंत माणूस आहे तो! फोटोला हार घालता?" मग हार घ्यायला कुणीतरी हवं म्हणून तिवारी काकांना खुर्चीत बसवलं.

"हम काहे बैठें?" तिवारी काका म्हणाले. "हमारी एक विदाई हो चुकी है."

"पेट आपका मिलता है," नायर अंकल म्हणाले.

काकांना हार पडला, शाल पडली. नायर अंकलनी इंग्रजीत भाषण केलं, त्यात "अनब्लेमिश्ड" हा शब्द दोनदा आला. बाबा हिंदीत बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला मॅनेजमेंटवर घसरले. एवढ्या वर्षांच्या माणसाला विचारलं नाही, सवरलं नाही, उचलून फेकलं, ही कुठली माणुसकी! तिवारी काका हारासकट उठून "तानाशाही नहीं चलेगी" म्हणाले आणि समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. भरात येऊन बाबांनी मॅनेजमेंटचा निषेध मांडला आणि आम्हा सगळ्यांना हात वर करायला सांगितले. मी केला. हल्ली मी कशालाही हात वर करतो.

तेव्हा नायर अंकलनी चष्मा पुसत मला विचारलं, "बट वॉट इज द रूल? बारह साल हो गया उसका. कोई प्रोटेक्शन नहीं?"

मला रूल माहीत होता. गप्प बसायला हवं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा बेसबॉलचं मला माहीत होतं आणि ओट्याला नव्हतं. मी म्हणालो, "आहे ना. लीगमध्ये दहा वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची पाच त्याच टीममध्ये, तर त्या खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध कुठं देता येत नाही. त्याची संमती लागते."



"म्हणजे त्यानं हो म्हटलं?" बाबा म्हणाले.

"हो म्हटलंच असणार."

"तो ये ट्रान्सफर नहीं है," नायर अंकल म्हणाले. "ये तो ओन रिक्वेस्ट है. ओन रिक्वेस्ट में टीए भी नहीं मिलता."

तिवारी काकांनी हाराला हात घातला. "तो उतार दें?"

बाबा खाली बसले. "राहू द्या," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "का रे जाईल असा? सगळे ओळखतात, मानतात. नाही म्हणायचा हक्क असताना?"

मी मिश्राजीची बाजू घेतली. म्हटलं, तिथं त्याची मुलगी शाळेत रुळली असेल, बायकोची नोकरी असेल. म्हटलं, जातो म्हणाला म्हणजे इथलं त्याला नको झालं असं नसतं, बाबा. रोज वाटत असेल त्याला की सांगावं, पण ज्यांना सांगायचं ती माणसं इतकी चांगली असतात की सांगवत नाही. मी इतकं सलग कधीच बोललो नव्हतो. आई समोशाची परात घेऊन दारात उभी होती.

"मिश्राजी तर आता गेला ना तिकडे?" ती म्हणाली. "मग त्याची मुलगी तिथल्या शाळेत आधीच कशी रुळली? तू कुणाबद्दल बोलतोयस?"

आईनं बेसबॉलची एकही मॅच बघितलेली नाही, हे इथं नमूद करतो.

मी म्हणालो, "माझ्याबद्दल." मग बाबांकडे न बघता सांगितलं. नागरिकत्व घेतलं, परत येणार नाही, डेप्युटेशन कधी नव्हतंच. मराठीत सांगत होतो, पण ओट्यावर भाषांतराची गरज कुणाला पडली नाही.

 मग नायर अंकलनी, रूलबुकातलं सगळ्यात हळुवार पान शोधावं तसं, सांगितलं, "डेप्युटेशन में होता है कभी कभी. परमनंट अब्सॉर्प्शन."

"म्हणजे?" आईनं विचारलं.

"मतलब भाभीजी," तिवारी काका म्हणाले, "अब वहीं के हो गए."

आईनं परात खाली ठेवली आणि पदरानं हात पुसत राहिली, कोरडे हात. बाबा टॅबलेटकडे बघत होते. तिथं मिश्राजी टोपी कपाळावर ओढून उभा होता. मग ते म्हणाले, "ट्रेडमध्ये दुसऱ्या बाजूनंही माणसं येतात. मिश्राजींच्या बदल्यात दोन पोरं आली." माझ्याकडे वळले. "तुझ्या बदल्यात आमच्याकडे कोण आलं?"

हा प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून विचारला असता तर मला सोपं गेलं असतं. ते खरोखरच हिशेब जुळवत होते.  हारातलं एक झेंडूचं फूल तोडून तिवारी काका म्हणाले, "बेसबॉल आया, भाईसाहब. और कौन आता?"

बाबांनी त्याचा विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला, मी बघत होतो. "हां," ते म्हणाले, "पूरी टीम आई. पर पिचिंग बहुत कमजोर है." आणि समोसा घेतला. निषेधाचा ठराव मात्र त्यांनी रीतसर मागे घेतला, पुन्हा हात वर करायला लावून.

मी अमेरिकेला परत आलो त्याला आता काही आठवडे झालेत. रविवारचा फोन होतो. हवा, जेवण, टीम. बाबा "परत कधी" विचारत नाहीत. "यंदा किती दिवस?" असं विचारतात, पाहुण्याला विचारतात तसं, नीट, चादरी धुवायला काढायच्या बेतानं. जो प्रश्न चुकवण्यासाठी मी एक अख्खा खेळ शिकलो, तो येत नाही तर फोनवर एक जागा मोकळी राहते आणि तिथं मी उगीच खोकतो. घर म्हणजे काय, असं तुमच्यापैकी कुणी विचारलं तर मी म्हणेन, जिथं आपलं नसणं कुणीतरी दर आठवड्याला हिशेबात धरतं ते. आता तो हिशेब मिटला असं मी समजत होतो.

तर आई सांगते की बाबा हल्ली डबल शिफ्ट करतात. साडेचारला आमच्या टीमची मॅच सुरू होते, ती संपली की साडेसातला पश्चिम किनाऱ्यावरची, मिश्राजीच्या नव्या टीमची. मी बाबांना विचारलं, तिचं तुम्हाला काय? ते म्हणाले, "माणूस गेला म्हणून त्याचा स्कोअर बघायचा नाही, असं कुठं असतं?"

काल त्या दोन टीमची आपसात मॅच होती. मुलीला शेजारी बसवून मी इथून फोन लावला. तिथं ओट्यावर तिघंही हजर होते आणि तिवारी काकांचा आवाज सगळ्यात मोठा. मिश्राजी बॅट घेऊन आमच्याच पिचरसमोर येऊन उभा राहिला. मी विचारलं, "बाबा, आता कुणाच्या बाजूनं?"

तिकडं बाबांनी आधी तिवारी काकांना गप्प केलं.

"मिश्राजींनी मारावं," बाबा म्हणाले, "आणि आपण जिंकावं."